बँक बुडते म्हणजे कुणाचे बुडते?



मागच्या महिन्यात हिंगणीच्या आमच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर बैठक भरली होती. विषय तसा साधा होता. विहारापुढे टिनाचे शेड घालायचे म्हणून तीन वर्षांपासून घरटी वर्गणी जमा होत आहे. शेडचे काम सुरू व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष लागेल, तोवर ही रक्कम ठेवायची कुठे, एवढेच ठरवायचे होते. एका तरुणाने सुचवले की, तालुक्याला एक पतसंस्था निघाली आहे, ती बँकेपेक्षा दोन टक्के व्याज जास्त देते, तिथे ठेवू. दोन-चार माना डोलल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एक वयोवृद्ध आजी उठल्या आणि आमच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “पयले या बीकॉमवाल्याले इचारा. मांगच्या खेपी यानंच सांगतलं होतं.”

सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मान वर करवली नाही. त्यामागे काय आहे, ते आज या सदरात सांगून टाकतो.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाही वस्तीचा थोडा फंड होता आणि बायाबापड्यांची स्वतःची थोडीथोडी बचत होती. एका संस्थेचा एजंट रोज संध्याकाळी दारोदार येऊन दहा-वीस रुपये गोळा करायचा आणि पासबुकावर सही करायचा. लोकांनी आम्हाला विचारले, कारण आम्ही कचेरीत कारकून आणि शिकलेले. आम्ही त्या संस्थेच्या ऑफिसात जाऊन आलो. काचेचे दार, भिंतीवर पुढाऱ्यांचे फोटो, टेबलावर छापील वार्षिक अहवाल, अहवालावर ऑडिटचा वर्ग ‘अ’. आम्ही परत येऊन सांगितले, “चांगली आहे, ठेवा.” वर्षभराने शटर खाली आले आणि त्यावर कागद चिकटला: ‘अपरिहार्य कारणास्तव व्यवहार तात्पुरते बंद’. ते तात्पुरते आजवर संपलेले नाही. फंडातले थोडेफार पैसे खेटे घालून परत मिळाले, पण आजींचे कापूस वेचणीचे नऊ हजार गेले ते गेलेच. आजी भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तू त शिकेल माणूस. तुलेच नाही समजलं, त मले कसं समजन?”

या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याकडे नव्हते. नंतर आम्ही ते शोधत राहिलो. हाती लागले ते असे.

आपला पैसा तिजोरीत नसतो

बँकेत ठेवलेले पैसे लोखंडी तिजोरीत आपल्या नावाने बांधून ठेवलेले असतात, अशी आपल्यातील पुष्कळांची समजूत असते. तसे नसते. आपण शंभर रुपये ठेवले की त्यातला थोडा भाग रिझर्व्ह बँकेकडे राखून ठेवावा लागतो, काही भाग सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो आणि उरलेला मोठा भाग कर्ज म्हणून वाटला जातो. कर्जदार व्याज देतो, त्यातून आपल्याला व्याज मिळते. कर्जदार वर्षा-दोन वर्षांनी पैसे फेडणार, आणि ठेवीदाराला मात्र आज दुपारी पैसे हवे असू शकतात. सगळे ठेवीदार एकाच दिवशी येत नाहीत, या भरवशावर हा गाडा चालतो. म्हणून चांगल्या बँकेच्या दारातसुद्धा अफवेने रांग लागली तर ती अडचणीत येते, आणि वाईट बँक मात्र रांग लागेपर्यंत चांगलीच दिसते. काचेच्या दारातून कर्जखाते दिसत नाही. आम्ही त्या दिवशी दार पाहिले. कर्ज कुणाला दिले आहे, ते पाहिले नाही.

आपल्याच जिल्ह्याचा धडा

लांब कशाला जायचे? वर्धा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचेच घ्या. सहकारात तीन पायऱ्या असतात. मुंबईला राज्य सहकारी बँक, जिल्ह्याला मध्यवर्ती बँक आणि गावाला सेवा सहकारी सोसायटी. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हाती पडणारे पीककर्ज याच वाटेने खाली येते.

१९९२ साली मुंबईत मोठा रोखे घोटाळा उघडकीस आला. त्यात कागद फिरत होते, पण त्यामागे रोखे नव्हते. सगळ्या देशाने तो तमाशा पाहिला. तरी दहा वर्षांनी, २००२ साली, तसाच प्रकार आपल्या विदर्भात आणि मराठवाड्यात झाला. नागपूर, वर्धा, उस्मानाबाद अशा जिल्हा बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी खासगी दलाल कंपन्यांकडे पैसे दिले. त्यात होम ट्रेड हे नाव गाजले. पैसे गेले, रोखे आले नाहीत. नागपूर बँकेचे दीडशे कोटींच्या आसपास अडकले. त्या प्रकरणी बँकेच्या माजी अध्यक्षासह सहा जणांना न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. त्यावर पुढे अपीलही झाले. ज्याची ठेव २००२ मध्ये मुलीच्या लग्नासाठी होती, त्याची नात एव्हाना शाळेत जाऊ लागली असेल.

घोटाळा हे एक कारण. दुसरे कारण थकलेल्या कर्जांचे. कोरडवाहू कापसाचा प्रदेश, पाऊस बेभरवशाचा, भाव पडलेला, त्यामुळे पीककर्ज थकते. परंतु लहान शेतकऱ्याच्या थकबाकीवर सगळा दोष टाकणे बरोबर नाही. महाराष्ट्रातील जिल्हा बँकांनी कारखाने, सूतगिरण्या यांना दिलेली मोठी कर्जे थकली, तेव्हा वसुलीची जीप त्यांच्या दारी उशिराने पोहोचली. पुन्हा देखरेख करणारे तीन. सहकार खात्याचा निबंधक राज्य सरकारचा, तपासणी नाबार्डची, परवाना रिझर्व्ह बँकेचा. तीन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे झाले. सहकारी बँकांवर रिझर्व्ह बँकेची पकड घट्ट करणारी कायद्यातील दुरुस्ती झाली ती २०२० साली.

आणखी एक गोष्ट आपल्याला ठाऊक नसते. बँकिंग नियमनाचा कायदा सहकारी बँकांना १९६६ साली लागू झाला. पण आधीपासून चालत असलेल्या कित्येक बँका त्यानंतर अनेक दशके परवान्याशिवायच चालत राहिल्या. शेवटी ३१ मार्च २०१२ ही मुदत घालण्यात आली. भांडवल निदान चार टक्के असेल तरच परवाना. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा बँका त्यात बसल्या नाहीत. त्यांच्यावर निर्बंध आले. ठेवीदार पासबुक घेऊन यायचे आणि तसेच परत जायचे. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील अशा २३ बँकांना उभे करण्यासाठी सुमारे २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यात महाराष्ट्रातील याच तीन होत्या. केंद्र, राज्य आणि नाबार्ड मिळून पैसा घालायचा होता.

तो पैसा कुणाचा? तुमच्या-आमच्या काडेपेटीवरच्या, साबणावरच्या करातून आलेला. म्हणजे बँक बुडली तर ठेवीदाराचे बुडते, आणि वाचवली तर ज्याचे खातेसुद्धा नाही अशा मजुरालाही त्याची किंमत मोजावी लागते.

पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. चारच दिवस व्यवहार करू दिल्यावर १४ नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. गावात दुसरी बँक नाही, सोसायटीचे कर्ज जिल्हा बँकेत भरायचे, आणि तीच बँक नोट घेत नाही. महाराष्ट्रातील आठ जिल्हा बँकांच्या काही नोटा नंतरही स्वीकारल्या गेल्या नाहीत. त्या आठांतही वर्धा होतीच. आधीच आजारी माणसाच्या पाठीवर पोते द्यावे, तसे हे झाले.

कुणी म्हणेल, आपली माणसे तर मजूर, आपल्याला जिल्हा बँकेशी काय करायचे? विचार करून पाहा. शेतकऱ्याला पीककर्ज मिळाले नाही की तो सावकाराकडे जातो, आणि सावकाराचे व्याज भरायचे म्हणजे मजुरीत हात आखडतो. निंदणाला दहा बायांऐवजी सहा बोलावतो. अनेक ठिकाणी निराधारांचे अनुदान आणि शिक्षकांचे पगार याच बँकेतून निघत. ते अडकले की किराणा दुकानातली उधारी वाढते. बँक मोठ्यांची असली, तरी ती बंद पडल्याची झळ चुलीपर्यंत येते.

देशानेही पोत गहाण ठेवली होती

घराची गोष्ट तशीच देशाची. १९९१ साली देशाकडे परकीय चलन इतके कमी उरले होते की जेमतेम तीन आठवड्यांची आयात भागली असती. बाहेरचे कर्ज फेडायचे कसे, हा प्रश्न पडला. त्या जुलैत रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने इंग्लंडला पाठवून बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून ४० कोटी डॉलर उचलावे लागले. त्याच महिन्याच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाची किंमत दोनदा कमी करण्यात आली. आपल्या घरात आजारपण निघाले की आईच्या गळ्यातली पोत सावकाराकडे जाते, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, देशाने पोत सोडवून आणली. आपल्या कित्येक घरांतली पोत परत आलीच नाही.

रुपयाची किंमत पडली तर मार कुणाला बसतो, हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी मांडला होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली त्यांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्यांच्या म्हणण्यातला आपल्या कामाचा भाग असा: रुपयाला परदेशी चलनात काय भाव मिळतो, यापेक्षा त्या रुपयात बाजारात किती माल येतो हे महत्त्वाचे. कारण भाव आधी चढतात आणि मजुरी मागाहून, तीही रडतखडत. मधल्या काळातला फायदा मालकाला आणि तोटा मजुराला. पुढे त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली. ती बाबासाहेबांनीच काढली, असे आपल्या व्यासपीठांवरून काही जण सांगतात. आम्ही तेवढे म्हणणार नाही. एका माणसाने बँक काढली असे म्हणण्यापेक्षा, तो ज्या मजुराच्या बाजूने बोलला त्या मजुराची बाजू आजची बँक पाहते का, हे विचारणे आम्हाला जास्त मोलाचे वाटते.

कुणाला किती दिवसांत वाचवले?

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहा. २३ सप्टेंबर २०१९ ला मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले. खात्यात कितीही असोत, सहा महिन्यांत हजार रुपयेच काढा, असा पहिला हुकूम होता. पुढे ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली. कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाला दिली होती आणि ती लपवण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी खाती दाखवली होती, असे तपासात पुढे आले. रिक्षावाले, निवृत्त कामगार, लहान दुकानदार रस्त्यावर आले. ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली २५ जानेवारी २०२२ ला. म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त. आणि मोठ्या रकमांचे पैसे तर दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत मिळायचे ठरले.

दुसरी तारीख ५ मार्च २०२० ची. येस बँक या मोठ्या खासगी बँकेवर निर्बंध आले. मर्यादा पन्नास हजारांची. स्टेट बँकेला पुढे करून भांडवल उभे केले गेले आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस!

मोठी बँक पडली तर सगळी इमारत हलते, म्हणून तिला आधी सावरावे लागते, असे अर्थशास्त्री सांगतात. त्यात तथ्य आहे, आम्ही नाकारत नाही. पण लहान बँकेचा ठेवीदार लहान असतो आणि त्याच्याकडे दुसरे खाते नसते, हेही तेवढेच खरे. आग लागल्यावर बंब आधी कुठे गेला, हे आपण पाहिले पाहिजे, आणि मत मागायला येणाऱ्यांना विचारलेही पाहिजे.

कायद्याने काय दिले आहे?

सगळेच अंधारात आहे असेही नाही. १९६० साली आपल्या विदर्भातली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली. लोकांचा आकांत झाला, तेव्हा कुठे १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण दीड हजार रुपयांचे होते. १९९३ मध्ये ते एक लाख झाले. तिथे ते सत्तावीस वर्षे अडून राहिले आणि ४ फेब्रुवारी २०२० ला पाच लाख झाले. २०२१ च्या दुरुस्तीने, बँकेवर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. आपले हे हक्क लोकांच्या रडण्यातून आले आहेत, कुणाच्या कृपेने नव्हे.

वाचक भगिनींनी पुढचे मुद्दे कापून पासबुकात ठेवावेत, अशी विनंती आहे.

१) पाच लाखांचा विमा बँकेतील ठेवीला आहे: सरकारी, खासगी, सहकारी, सर्व विमाधारक बँकांत. पतसंस्थेतील, सोसायटीतील किंवा भिशीतील पैशाला तो नाही. पाटीवर ‘बँक’ शब्द आहे की ‘पतसंस्था’, हे आधी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. बँकेत ‘ही बँक ठेव विम्याखाली आहे का?’ असे स्पष्ट विचारा.

२) एकाच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील आपल्या एकट्याच्या नावच्या सर्व ठेवी एकत्र धरल्या जातात. मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख. दोन वेगळ्या बँकांत ठेवल्या तर विमा वेगवेगळा.

३) विम्याचा हप्ता बँक भरते. त्यासाठी कुणी आपल्याकडून पैसे मागत असेल तर तो फसवतो आहे, असे समजा.

४) शेअर म्हणजे ठेव नव्हे. ‘सभासद व्हा’ म्हणून घेतलेल्या भागाच्या रकमेला विमा नाही.

५) दुसऱ्यापेक्षा दोन टक्के जास्त व्याज कुणी देत असेल, तर तो ते कुठून आणतो, हे विचारा. महागाचे कर्ज जो घेतो, त्याला बहुधा दुसऱ्या कुणी दारात उभे केलेले नसते.

६) पोस्टातील बचतीला केंद्र सरकारची हमी आहे. व्याज थोडे कमी वाटले तरी आजारपणाचा आणि शिक्षणाचा पैसा तिथे ठेवायला हरकत नाही.

७) प्रत्येक खात्यावर वारसाचे नाव लावून घ्या. घरातल्या बाईला पासबुक कुठे आहे आणि त्यात किती आहे, हे ठाऊक असले पाहिजे. नवऱ्यामागे पासबुक शोधत फिरलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत.

शेवटी बैठकीचे सांगतो. आम्ही उभे राहून मागची चूक सर्वांसमोर कबूल केली. काचेचे दार पाहून सल्ला दिला होता, हेही सांगितले. त्या तरुणावर रागावण्यात अर्थ नव्हता, कारण त्याच्या जागी एकेकाळी आम्हीच उभे होतो. मग ठरले ते असे: फंडाचा निम्मा भाग पोस्टात, निम्मा राष्ट्रीयीकृत बँकेत. खाते तिघांच्या सहीचे, त्यात एक सही बाईची. दर तीन महिन्यांनी पासबुक भरून आणून बैठकीत मोठ्याने वाचायचे, म्हणजे ज्याला अक्षर येत नाही त्यालाही आकडा कळेल.

बाईची सही कुणाची, असा प्रश्न निघाला. आजींचे नाव पुढे आले. त्या म्हणाल्या, “माहा त अंगठा हाय.” बँकेत अंगठाही चालतो, असे आम्ही सांगितले. त्यावर आजी म्हणाल्या, “नाही बावा. तिकडं सही पायजे. मले नाव लिवाले शिकवा, मंग येतो बँकेत.”

दर रविवारी सायंकाळी विहारात आजींचे नाव गिरवणे सुरू झाले आहे. पहिली दोन अक्षरे आता नीट येतात. खाते अजून उघडलेले नाही. आजींची सही तयार झाली की उघडू.

जयभीम.